एकाच संगणकाला लावलेली कडी



चिटणीसबाईंनी दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; संगणकाविषयी मी काय बोलणार? पण आमच्या घरी जे घडले ते तुमच्याही घरी घडू शकेल, म्हणून उभी राहिले आहे.

आमचा थोरला यंदा बारावीला. रात्रीची जेवणे आटोपली की तो संगणकापुढे अभ्यासाला बसतो. पण व्हॉट्सॲपचा निरोप पडद्यावर आला, की वही बाजूला. मी तो कार्यक्रम काढून टाकायला लावला, तर तेच ब्राउझरमधून उघडू लागले. घरातले इंटरनेटच बंद करावे, तर मामंजींचे काय? अमेरिकेतल्या वन्सं रोज त्यांच्याशी व्हॉट्सॲपवरच बोलतात.

भाच्याने मार्ग सांगितला. घरभर इंटरनेट वाटणारी जी पेटी, म्हणजे राउटर, तिच्यात प्रत्येक यंत्राची नोंद असते. प्रत्येकाचा बारा अक्षर-अंकांचा एक पत्ता असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्या एका पत्त्यापुरती व्हॉट्सॲपची स्थळे बंद करता येतात, तासही ठरवता येतात, आणि बाकीच्यांचे सुरळीत चालते. सगळ्याच पेट्यांत ही सोय नसते. आमच्या पेटीत होती.

दुपारी एकटीने बसून मी ते केले. यादीत काही यंत्रांपुढे नावच नव्हते, नुसते आकडे. अंदाजाने एक निवडला. रात्री संगणकावर निरोप येतच राहिले. साधले नाही म्हणून मी तो नाद सोडला.

तिसऱ्या दिवशी जेवताना मामंजींनी हातातला घास तसाच ठेवला. म्हणाले, "सूनबाई, माझे बोलणे तिला लागले असेल का गं? गावचे घर विकण्यावरून मी जरा जास्तच बोललो." दोन दिवस वन्संचा निरोप नाही, फोन नाही. माझ्या पोटात धस्स झाले. कडी लागली होती ती त्यांच्या मोबाइलला! त्याला घरच्या वायफायखेरीज दुसरा आधार नाही. तिकडे वन्संही, बाबा रागावले असे समजून, गप्प बसल्या होत्या. कडी काढली तेव्हा साठलेले सगळे निरोप एकदम आले. मामंजी ते मोठ्याने वाचत होते आणि मला वर बघवेना.

मग थोरल्याला हाक मारून सगळे सांगितले. तो म्हणाला, "आई, चोरून कशाला केलेस? गणिताच्या शंका मी त्याच गटात विचारतो." मला उत्तर सुचले नाही. खरा पत्ता त्यानेच संगणकातून काढून दिला. तार जोडली तर एक आणि वायफाय असेल तर दुसरा, असे दोन पत्ते निघाले. मी एकच घातला असता तर पुन्हा फसले असते. आठ ते दहा बंद, पुढे शंकांसाठी उघडे, असे आम्ही ठरवले. पेटीचा मूळ पासवर्ड पुष्कळदा तिच्या तळाशीच चिकटवलेला असतो, तोही बदलला.

मोबाइलवरून संगणकाला इंटरनेट दिले तर ही कडी कुचकामी, हेही त्यानेच सांगितले. म्हणून आठ वाजता तो आपला मोबाइल मामंजींच्या उशाशी नेऊन ठेवतो. कधी विसरतो. मी कधी आठवण करते, कधी करीत नाही.