भाकरी सोडायची का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)

सगळ्या ताई, मावशी, आक्का, आणि मागं भिंतीला टेकलेल्या आज्जी, जरा पुढं सरका. आज माईक नाही.

मागच्या महिन्यात तीन गटांच्या बैठकांना गेले होते. बचत, हप्ता, व्याज झालं की विषय एकच निघायचा. एका मावशींनी वजन उतरावं म्हणून रात्रीची भाकरी बंद केलीय. एक वहिनी दिवसातनं दोनदाच जेवतात. तिसऱ्या म्हणाल्या, "माझी भाची पुण्यात असती, ती म्हणती दर दोन तासाला खा." आणि तिघींचं शेवटचं वाक्य मात्र एकच, "अंगात ताकदच नाही बघा." म्हणून म्हटलं, आज ताटाचा हिशेब करूया.

ही मतं कुठनं आली ते आधी बघू. दोनदा जेवायचं सांगतात ते डॉ. जगन्नाथ दीक्षित. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. सरांचं म्हणणं असं, की आपण काहीही खाल्लं की शरीरात इन्सुलिन तयार होतं. सारखं खाल्लं तर इन्सुलिन सारखं वाढतं आणि चरबी साठत जाते. म्हणून कडक भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. करीना कपूरला आहार सांगणाऱ्या त्याच. त्या म्हणतात, थोडं थोडं खात राहा, भात-भाकरी-तूप सोडू नका, आपल्या मातीतलं खा. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरात यावर वाद झाले, आणि आता त्यात 'कार्ब बंद करा' म्हणणाऱ्या व्हिडिओंची भर पडलीय. कार्ब म्हणजे काय, तर भात, भाकरी, चपाती, पोहे, साखर, गूळ यातला पिष्ट आणि गोड भाग.

आता यात खरं कोण? माझं मत सांगते. आधी विचारायचं, हे कुणासाठी सांगितलंय? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाला दोनदा जेवून फायदा होतो, आपल्याकडेही झालेले आहेत. पण गरोदर बाईनं आणि अठराच्या आतल्या मुलींनी हे करायचं नाही, असं दीक्षित सर स्वतःच सांगतात. हे वाक्य फॉरवर्ड होताना गळून पडतं.

आणि कामाचं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये आकडे दिलेत. बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात, मध्यम कष्टाच्या बाईला २१३०, आणि जड कष्टाच्या बाईला २७२०. उसाची भांगलण करून, वैरणीचा भारा डोक्यावर आणून, परत जनावरांची धार काढणारी बाई यातली कुठली, ते तुम्हीच सांगा. तिनं १६६० वालीचा आहार धरला तर अंगात ताकद कुठनं येणार?

पण म्हणून भाकरीवर भाकरी खायची असंही नाही. त्याच संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलंय, की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी धान्यातनं ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये. आपल्या देशात ५० ते ७० टक्के येते. म्हणजे कार्ब कमी करा म्हणणारे अगदीच खोटं बोलत नाहीत.

अडचण पुढंच आहे. शहरातली बाई भात कमी करते तेव्हा त्या जागी पनीर येतं, अंडी येतात, बदाम येतात. आपल्या ताटात दोन भाकऱ्या, खर्डा आणि पातळ आमटी. त्यातली एक भाकरी काढली की जागा रिकामीच राहते. ही रिकामी जागा मला खटकते. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारी बाई स्वतः कोरा चहा पिते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. रविवारी मटण शिजतं तेव्हा तिच्या वाटणीला रस्सा येतो, फोडी आधीच संपलेल्या असतात. आधी डाळ-कडधान्य वाढवा, मग भाकरी कमी करा. दिवसाला माणशी ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य लागतं असं संस्था म्हणते. मटकी, हरभरा, पावटा, मूग, सगळं आपल्याकडं पिकतं. मूठभर शेंगदाणे, एखादं अंडं, वाटीभर दही. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडच्या ताईंकडं नाचणी आहेच, तिच्यात कॅल्शियम भरपूर. जेवताना आधी भाजी-उसळ खाल्ली तर साखरही सावकाश वाढते.

चहाचंही बोलते, राग मानू नका. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ५० ग्रॅम साखर. महिन्याला एका बाईची दीड किलो. भाकरी सोडून चहा तेवढाच ठेवला तर काय कमी केलं? "ताई, मी गूळ घालते," असं परवा कोणीतरी म्हणालं. कोल्हापुरी गुळाचा मलाही अभिमान आहे, पण रक्तातली साखर तो साखरेसारखाच वाढवतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता एक वेळचं जेवण बंद करायचं नाही. चतुर्थीला नाही, कुणी सांगितलं म्हणून तर अजिबात नाही. गोळी पोटात आणि पोट रिकामं, की साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

आणि "ताकद नाही" याचं कारण पुष्कळदा भाकरीत नसतंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे इथं बसलेल्यांत निम्म्याहून जास्त असू शकतात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दोनदा जेवा की दहादा, दम लागणारच. पाळीत अंगावरून जास्त जातं का, थायरॉईड आहे का, तेही बघावं लागतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळा, त्यानं लागतं.

तर आहार बदलायच्या आधी तपासणी. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा करायच्या आधी हिमोग्लोबिन बघायचं, असा ठराव मी आज मांडतेय. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी आणि साखरही. आशाताईंना विचारून उपकेंद्राची तारीख ठरवू, सचिवांनी गटवार नावं लिहून द्यावीत. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणा. आणि त्या रात्रीची भाकरी बंद केलेल्या मावशी, तुमचं नाव मी पहिलं लिहिलंय.