पऱ्हाटीतली राखण



आज बोलायचे आहे ते ठिबकच्या काळ्या नळीबद्दल. कुणाची नळी आठ-आठ वर्षे टिकते, कुणाची दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकते. असे का होते? आणि आपल्या पऱ्हाटीचा, सरकीचा त्याच्याशी काय संबंध?

आपल्यातली काही पोरं भाईंदर पूर्वेला इंद्रलोकात खोली करून राहतात आणि जवळच्या गाळ्यांत प्लास्टिकच्या मशीनवर काम करतात. आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. मशीनच्या एका तोंडातून प्लास्टिकचा दाणा ओततात. आत तापलेल्या नळकांड्यात स्क्रू फिरतो. दोनशे अंशांच्या आसपास दाणा वितळतो आणि दुसऱ्या तोंडातून माल बाहेर पडतो. या उष्णतेत आणि रगड्यात प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटू लागतात. तुटलेले टोक हवेतला प्राणवायू पकडते, शेजारच्या साखळीला बिघडवते, ती पुढचीला. कडब्याच्या गंजीला एका कोपऱ्यात ठिणगी पडावी, तसे.

हे आपल्याला नवे नाही. तेल खवट होते ते याच क्रियेने. म्हणून तर आपल्या मायबहिणी लोणी कढवताना विड्याचे पान टाकतात. पानातली फिनॉल जातीची द्रव्ये प्राणवायूचा मारा स्वतःवर घेतात आणि तूप राखतात. कारखानदारही दाण्यात असेच औषध घालतो. त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्रमाण टनाला साधारण एक-दोन किलो. बहुतेक कारखान्यांत वापरतात ते खनिज तेलापासून बनवलेले असते. जुने प्लास्टिक पुन्हा वितळवताना हे औषध खर्च होत जाते. नवे घातले नाही तर माल ठिसूळ निघतो. उन्हापासून राखण्यासाठी नळीत २ ते ३ टक्के काजळी लागते. तीही कमी पडली की नळी तडकलीच.

आता मुद्द्यावर येऊ. हे औषध झाडापासून मिळते का? मिळते. तेलबियांतले ई जीवनसत्त्व प्लास्टिकच्या कामात चालते, हे सिद्ध झालेले आहे. माणसाच्या खुब्यात बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या पॉलिथिनमध्ये ते २००७ पासून वापरतात. जगात नैसर्गिक ई जीवनसत्त्व मुख्यतः सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. वास घालवण्यासाठी तेलातून वाफ सोडतात, उडालेला भाग थंड करून गोळा करतात, त्यात ते एकवटते. सरकीच्या तेलातही ई जीवनसत्त्व चांगले असते.

दुसरे पऱ्हाटीचे. तिच्या वजनाचा पाव हिस्सा किंवा थोडा कमी लिग्निन असते, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य. तेही फिनॉल जातीचेच. पाखरे ज्या तांबड्या ज्वारीला तोंड लावत नाहीत, तिच्यातले तुरट टॅनिन त्याच कुळातले. आपल्या पांढऱ्या मालदांडीत ते फारसे नाही.

पण भावांनो, हुरळून जाऊ नका. वनस्पतीची ही द्रव्ये मालाला पिवळट-तपकिरी रंग देतात. काही उष्णतेत टिकत नाहीत, काहींना वास येतो. लिग्निन नीट मिसळले नाही तर गाठी राहतात आणि नळी तिथेच फुटते. उद्या कुणी गावात येऊन सांगेल, ‘झाडाचे औषध घातलेले प्लास्टिक मातीत विरघळते’. ते खोटे. हे औषध प्लास्टिक टिकवण्यासाठी आहे, कुजवण्यासाठी नाही. फाटलेली नळी शेतातून गोळा करावीच लागेल.

मग आपला हिशेब काय? टनाला किलो-दोन किलो औषध लागणार असेल, तर या एका धंद्यावर सगळी पऱ्हाटी खपणार नाही, हे उघड आहे. पण काळ्या नळीत तपकिरी रंगाची अडचण नाही. तिथून सुरुवात होऊ शकते. माटुंग्याला १९२४ पासून कापसाची संशोधन संस्था आहे. तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत. त्या संस्थेकडे आणि कृषी विद्यापीठांकडे आपण लेखी मागणी करू या: पऱ्हाटीचे लिग्निन घातलेली नळी आणि बाजारातली नळी एकाच शेतात, एकाच उन्हात शेजारी अंथरा, पाच उन्हाळे बघा आणि आकडे आमच्यासमोर ठेवा.

तोवर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. नळी घेताना आयएसआय मार्क बघून पक्की पावती घ्या. काम संपल्यावर नळी गुंडाळून सावलीत ठेवा. हंगाम संपला की पऱ्हाटी काढा, बांधावर रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी तिच्यातच दडून राहते.

आणि ती पेटवण्याआधी एवढे ध्यानात असू द्या, की आपण काडी लावतो त्या ढिगात कारखानदाराच्या कामाची वस्तू आहे. ती किती कामाची, हे मोजून घ्यायचे आणि मगच भाव बोलायचा. न मोजता दिलेल्या मालाचा भाव घेणाराच ठरवतो, हे आपण कापसात पुरते शिकलो आहोत.