हंगेरीतील कायदेशीर संकोच

लोकशाहीचा संकोच करण्यास सशस्त्र बंडाची आवश्यकता असतेच असे नाही. जनतेचे खरे प्रतिनिधी केवळ आपणच, अशा आवेशाने २०१० साली सत्तारूढ झालेल्या व्हिक्टर ऑर्बान यांच्या फिदेस पक्षाला हंगेरीत सुमारे ५३ टक्के मतांवर संसदेत दोनतृतीयांश बहुमत लाभले, आणि त्या बळावर नवे संविधान रचून, न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणून, शेकडो अनुभवी न्यायाधीशांना घरी बसविण्याची तजवीज झाली. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद बेकायदेशीर ठरविली खरी; परंतु तोवर अनेक जागांवर नव्या नेमणुका होऊन गेल्या होत्या. २०१८ मध्ये ४०० हून अधिक वृत्तमाध्यमे सरकारधार्जिण्या एकाच प्रतिष्ठानाच्या स्वाधीन झाली. मतपेटी शाबूत राहिली, पण खेड्यांतील मतदाराच्या कानी विरोधकांची बाजू पोहोचणे दुष्कर झाले, आणि माझ्या मते हाच यांतील सर्वांत चिंताजनक भाग होय.