झिराड आडनावाची विद्यार्थिनी



अलिबाग तालुक्यात झिराड नावाचे गाव आहे. ह्या गावाचे नाव आडनाव म्हणून धारण करणाऱ्या एका मुलीने १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ह्या विषयात संपादन केली. ती मुलगी म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून विलायतेत शिकणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा लौकिक आहे. प्राथमिक शिक्षकाने त्यांच्या शिक्षणाचा विचार एका विशेष कारणासाठी करावा. मुलीची बुद्धी कितीही तल्लख असली, तरी तिची वाट कोणी तरी मोकळी करून द्यावी लागते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात पदोपदी दिसते.

झिराड हे कुटुंब बेने इस्राएल समाजातील. ह्या यहुदी समाजाचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यास लागले आणि त्यांतील सात पुरुष व सात स्त्रिया तेवढी वाचली, अशी परंपरागत कथा आहे. पुढे हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांच्या धर्मातील विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद राही, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांनी मराठी आपली मातृभाषा केली आणि गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे घेतली. परक्या भूमीवर आलेली माणसे येथे घरची झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनऱ्यांच्या मराठी शाळांतून ह्या समाजाची मुले शिकू लागली. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. धर्मग्रंथांची विसरलेली भाषा ह्या समाजाला पुन्हा शिकता आली ती घरच्या भाषेच्या आधारे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे शिक्षणशास्त्राचे सूत्र येथे प्रत्यक्ष दिसते. पुढे १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर ह्यांनी मुंबईत इस्राएली शाळा स्थापन केली. दूरच्या शाळेत जाण्यास ज्यांना अडचण, त्यांच्यासाठी समाजानेच शाळा जवळ आणली.

जेरुशा ह्यांचा जन्म १८९० च्या सुमारास म्हैसूर संस्थानातील शिमोगा येथे झाला. शिक्षणासाठी त्यांना पुण्याच्या हुजूरपागेत ठेवण्यात आले. १८८४ साली स्थापन झालेल्या ह्या कन्याशाळेत त्यांनी शिष्यवृत्त्या मिळविल्या. त्याच शाळेत शिकलेल्या व त्याच समाजातील रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. मुलींनी किती शिकावे ह्याविषयी समाजात वाद चालू असता ह्या दोघींनी आपल्या अभ्यासाने त्यास उत्तर दिले.

जेरुशा लहान असता त्यांची बहीण अतिशय आजारी पडली. मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. ॲनेट बेन्सन ह्यांच्या उपचारांनी ती बरी झाली. स्त्रियांवर स्त्रीच उपचार करीत आहे, हे दृश्य त्या बालिकेच्या मनावर ठसले आणि आपणही डॉक्टर व्हावे, असा तिने निश्चय केला. मुलीने मोठे काही व्हावे असे आपण म्हणतो, पण तशी मोठी झालेली स्त्री तिच्या दृष्टीस पडावी लागते.

मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. आता विलायतेचा विचार सुरू झाला आणि खरी अडचण तेथेच उभी राहिली. परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती स्त्रियांना मिळत नसे. गुणवत्ता होती, पण पैसा नव्हता. जमशेटजी टाटा ह्यांनी १८९२ साली सुरू केलेल्या निधीतून त्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळाली. नंतर सरकारनेही शिष्यवृत्ती मंजूर केली. महायुद्धाच्या धामधुमीत, परक्या नगरीत, त्यांनी अभ्यास पुरा केला. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. ज्या रुग्णालयात बहिणीचे प्राण वाचले, त्याच रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. मुंबईतील बाळंतिणींच्या मृत्यूंची कारणे शोधणारा त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रिबेका रूबेन ह्यांनीही इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन १९२२ ते १९५० ह्या काळात मुंबईच्या इस्राएली शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील दोन दशकांत ह्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. अलिबाग, पेण, पनवेलकडील मुली दिमोना, बीरशेबा, लोद अशा गावांतील शाळांत जाऊ लागल्या. मराठी पाटीवर डावीकडून लिहिणाऱ्या हाताला उजवीकडून लिहिण्याची सवय करावी लागली. १९४९ च्या कायद्याने तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले होते, त्यामुळे शाळेत प्रवेश निश्चित होता. पण वर्गात स्थान मिळणे निराळे. ह्या समाजाचे यहुदीपणच पूर्ण आहे की नाही, असा वाद तेथे निघाला. तो १९६४ साली मिटला. घरी मराठी, शाळेत हिब्रू आणि बाहेर संशय, अशा परिस्थितीत ह्या मुलींना शिकावे लागले.

आज रायगड जिल्ह्यातील शाळांत उलट बाजूचे दृश्य दिसते. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाची मुलगी अर्ध्या वर्षानंतर परत येते. परप्रांतातून मजुरीस आलेल्यांची मुलगी मराठीचा एक शब्द न जाणता वर्गाच्या शेवटच्या रांगेत बसते. तिला काही येत नाही, असा शेरा लिहिण्यापूर्वी तिला कोणत्या भाषेत येते, हे विचारावे. तिच्या घरच्या दहा शब्दांची ओळख शिक्षकाने करून घ्यावी आणि तेथून मराठीकडे यावे. जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. वयानुरूप वर्गात बसविलेल्या मुलास मागे राहिलेला अभ्यास भरून देण्यासाठी विशेष शिक्षणाचीही त्यात तरतूद आहे. ती हजेरीपटावर न राहता फळ्यापर्यंत पोहोचावी.

जेरुशा झिराड ह्यांच्या मार्गात टाटांचा निधी आला, हुजूरपागा आली, डॉ. बेन्सन आल्या. शेवटच्या रांगेतील मुलीच्या मार्गात निधी येईल की नाही हे कोणास ठाऊक नाही, पण पहिला शिक्षक मात्र निश्चित येतो. तो तिला नावाने हाक मारतो की नाही, ह्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.