काहीशे व्होल्टवरची बारीक लहर

२०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेनंतर राज्यात सौर पंप वाढले. नंदुरबार जिल्ह्यात शहादा-तळोद्याकडच्या शेतकऱ्यालाही ते आता नवे नाहीत. ओळीने जोडलेल्या पॅनलांचा डीसी दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. कंट्रोलर बिघडला, की कारागिराला त्या दाबावरची लहानशी लहर ऑसिलोस्कोपवर पाहायची असते.

इथे कामाला येतो कपॅसिटर. तो स्थिर दाब अडवतो, बदलता भाग पुढे सोडतो. हेच एसी कपलिंग. स्कोपच्या १० लाख ओहम इनपुटपुढे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर साधारण १.६ हर्ट्झच्या वरचे बदल दिसतात. तोच ५० ओहमच्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरपुढे लावला, तर ही सीमा ३२ किलोहर्ट्झवर जाते.

खरा धोका पहिल्या क्षणी असतो.

रिकामा कपॅसिटर जोडताच दाबाचा झटका क्षणभर आरपार जातो. नाजूक अ‍ॅनालायझर तेवढ्यानेही जळू शकतो. म्हणून मार्गात रेझिस्टर आणि इनपुटपाशी उलटसुलट जोडलेले दोन डायोड ठेवतात. कपॅसिटरही सर्किटच्या कमाल दाबाहून बऱ्याच जास्त व्होल्टचा घेतात.

एसीचे बटण दाबले म्हणून स्कोपवर छापलेली मर्यादा वाढत नाही. शिवाय वीजजोडणीवरच्या स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती कंट्रोलरच्या तारेला लावली, तर शॉर्टसर्किट होऊ शकते. तिथे उच्च दाबाचा डिफरन्शियल प्रोब हवा. काम संपल्यावर कपॅसिटरमधला भार रेझिस्टरमधून उतरवायचा, मीटरने खात्री करायची आणि मगच हात लावायचा.