हें पद कोणाचें?

रत्नागिरीच्या उत्तरेस मालगुंड हें गांव आहे. केशवसुतांचें जन्मस्थान म्हणून तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांचे बंधु मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केलें, याची आठवण तितकीशी कोणी काढीत नाहीं. वाक्यपृथक्करण शिकवितांना गुरुजी फळ्यावरील शब्दावर छडी ठेवून 'हें पद कोणाचें?' असें विचारीत. तोच प्रश्न आज संगणकापुढें येतो. छडीच्या जागीं कर्सर असतो, एवढाच फरक.

संगणक मजकुराचें एक उलटें झाड करितो. मुळाशीं सबंध मजकूर, पुढें फांद्या, शेवटीं पानें. आणि प्रत्येकीवर तिचा आरंभ व शेवट यांचे आंकडे. कर्सरचा आंकडा ज्या फांदीच्या हद्दींत सांपडेल तिच्यांतून खालीं उतरावयाचें, आणि पुढें उतरतां येईनासें झालें कीं थांबावयाचें.

'रत्नागिरीच्या आंब्याची पेटी' हे शब्द घ्यावे. छडी 'गि'वर आहे. सर्वांत लहान उत्तर 'रत्नागिरी'. त्याबाहेर 'रत्नागिरीच्या', त्याबाहेर 'रत्नागिरीच्या आंब्याची', आणि शेवटीं सारी पेटी. चारही उत्तरें खरीं. मात्र 'येथील पद खोडा' अशी आज्ञा झाली, तर कोणतें उत्तर धरलें यावर पेटी राहते कीं जाते हें ठरतें. 'च्या' हें विभक्तीचें चिन्ह कीं विशेषण करणारा प्रत्यय, हा मराठी व्याकरणांतील जुना वाद. झाडाचे नियम लिहिणाऱ्यास तो आधीं निकालांत काढावा लागतो.

खरी अडचण निराळीच आहे. कर्सर अक्षरावर नसून दोन अक्षरांमधील फटींत उभा असतो. रूढ नियमानें पदाचा आरंभ हद्दींत मोडतो, शेवट मोडत नाहीं. म्हणून 'पेटी' लिहून हात थांबला, कीं कर्सर पेटीच्या बाहेर! लिहिणारा तर बहुधा शब्दाच्या शेवटींच असतो. यास्तव शब्द पुरा करून देणाऱ्या साधनास एक पाऊल डावीकडे पाहावें लागतें.

देवनागरींत आणखी एक फसगत आहे. 'आंब्याची' यांत डोळ्याला तीन अक्षरें दिसतात. युनिकोड आठ चिन्हें मोजतो. यूटीएफ-८ पद्धतींत त्यांचे २४ बाइट होतात. एकानें चिन्हें मोजलीं आणि ट्री-सिटरसारख्या साधनानें बाइट, तर शब्दाच्या शेवटची म्हणून सांगितलेली आठवी जागा 'ब'च्या पोटांत पडते आणि अक्षर मधोमध फुटतें. साध्या इंग्रजी मजकुरांत तिन्ही मोजण्या एकच येतात. दोष तेथें दिसतच नाहीं.

शिवाय लिहिलें जात असलेलें वाक्य अपुरेंच असतें. गुरुजी तें पुसावयास लावीत. ट्री-सिटर तेवढाच भाग चुकीचा म्हणून वेगळा बांधतें आणि उरलेलें झाड शाबूत ठेवतें.