रुग्णाजवळची रात्र : आपली सामुदायिक जबाबदारी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या मान्यवरांनी उत्तम रीतीने घेतला आहे. मी काही व्यासंगी वक्ता नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापडदुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तिथेच आहे. मला 'आजारपणातील सेवा' हा विषय देण्यात आला. तो फार विस्तृत आहे; म्हणून त्यातील एकच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात रुग्णाजवळ रात्री कोणी राहायचे? हा प्रश्न किरकोळ वाटेल. मलाही तो किरकोळच वाटला होता आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या बंधूंना मोजावी लागली.

2018 सालच्या मार्च महिन्यातील ही गोष्ट. आमच्या भाईजींच्या मोठ्या आतड्यावर शस्त्रक्रिया झाली. वय चौऱ्याहत्तर. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून तिसऱ्या दिवशी त्यांना खोलीत आणले. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. नारळपाण्याच्या बाटल्या, फळांच्या करंड्या, आशीर्वाद, धीराचे शब्द, कशालाच तोटा नव्हता. आपल्या समाजाची ही आपुलकी खरोखर मोठी आहे. परंतु रात्री नऊ वाजता खोलीत मी आणि माझा पुतण्या असे दोघेच उरलो. पुतण्या तीन रात्री जागलेला होता. मला दुकानाचे वर्षअखेरीचे हिशेब पूर्ण करायचे होते. मी दूरध्वनीवरून एका ब्युरोकडून रात्रपाळीच्या मावशींची व्यवस्था केली, पुतण्याला घरी पाठवले आणि मावशी येताच मीही निघालो. निघताना मी स्वतःला फार हुशार समजून एक काम केले. भाईजींची अंगठी, घड्याळ, चष्मा आणि कानातले ऐकण्याचे यंत्र रुमालात बांधून सोबत घेतले. रुग्णालयात वस्तू हरवतात, अशी आम्हा व्यापाऱ्यांची सावधगिरी!

पहाटे तीनच्या सुमारास भाईजींना जाग आली. आपण कोठे आहोत हे त्यांना कळेना. समोरचा चेहरा अनोळखी, तोही अंधुक. मावशी काही सांगत होत्या, पण ते ऐकू येत नव्हते. आपला रुग्ण कानाने अधू आहे आणि घाबरला की मारवाडीतच बोलतो, हे त्या बिचारीला कोणी सांगितलेच नव्हते. मावशी परिचारिकेला बोलावण्यासाठी दाराबाहेर गेल्या, तेवढ्यात भाईजींनी सलाईनची नळी ओढून काढली, पलंगावरून उतरण्याचा प्रयत्न केला आणि ते पडले. पोटाचे टाके उसवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि मुक्काम अकरा दिवसांनी वाढला.

बरे झाल्यावर ते मला एवढेच म्हणाले, "मला वाटले, सगळे जण मला धर्मशाळेत विसरून पुढच्या गाडीने निघून गेले. मी तुलाच हाका मारत होतो." त्यांचा चष्मा आणि यंत्र त्या वेळी माझ्या घरातील कपाटात, अगदी सुरक्षित होते.

यात ना त्या मावशींचा दोष होता, ना रुग्णालयाचा. दोष माझ्या व्यवस्थेचा होता. मी माणूस नेमला, पण त्याला माहिती दिली नाही. नव्या नोकराला दुकान दाखवल्याशिवाय आपण गल्ल्यावर बसवत नाही. येथे मात्र सख्खा भाऊ दोन मिनिटांत सोपवून मी मोकळा झालो.

डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितले की मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत वृद्ध रुग्णांना असा भ्रम होणे मुळीच दुर्मिळ नाही. वैद्यकीय भाषेत त्याला डिलिरियम म्हणतात. भुलीची आणि वेदनाशामक औषधे, वेदना, अपुरी झोप, जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता अशी त्याची अनेक कारणे असतात आणि रात्री तो बळावतो. हे वेड नव्हे. बहुतेकांना योग्य उपचारांनी आराम पडतो. मात्र रुग्णाचा चष्मा डोळ्यांवर असणे, यंत्र कानात असणे आणि ओळखीचा आवाज जवळ असणे यांचा मोठा आधार होतो. म्हणजे जे मी घरी नेले, तेच त्या रात्रीचे औषध होते!

बंधुभगिनींनो, रुग्णाजवळ आप्तांनी थांबावे हे आपल्याकडे गृहीतच धरले जाते. इंग्लंडमध्ये मात्र एके काळी लहान मुलांनासुद्धा रुग्णालयात एकटे ठेवीत आणि आईबापांना ठरावीक वेळीच भेटू देत. 1959 साली तेथील प्लॅट समितीने हे बंधन सैल करण्याची शिफारस केली. पुढे 2014 साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांजवळ त्यांच्या माणसांना राहू द्यावे, यासाठी तेथे 'जॉन्स कॅम्पेन' नावाची चळवळ उभी राहिली. तिकडे जे झगडून मिळवावे लागले, ते आपल्या हाती आधीपासून आहे. त्याचा उपयोग आपण नीट करतो का, एवढाच प्रश्न आहे.

आता अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, रात्रीची व्यवस्था शस्त्रक्रियेच्या आधी ठरवावी. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की त्याच दिवशी कागद घेऊन किमान पहिल्या पाच रात्रींची नावे लिहावीत. एकाच माणसाला सलग दोन रात्रींपेक्षा अधिक जागवू नये. अतिदक्षता विभागात बहुधा आप्तांना आत राहू देत नाहीत, पण औषधे आणण्यासाठी व संमतिपत्रावर सही करण्यासाठी जबाबदार माणूस बाहेर लागतोच. खोलीत किंवा वॉर्डात साधारणतः एकाच पासावर एकालाच राहता येते. तेव्हा स्त्री रुग्णाजवळ स्त्रीच राहू शकते का, हेही आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट, एका कागदावर ठळक अक्षरांत रुग्णाची माहिती लिहून ती उशाशी ठेवावी. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मधुमेह वा रक्तदाब आहे का, कोणता कान चांगला, चष्मा कोठे ठेवला आहे, कोणती भाषा सोयीची, घरी कोणत्या नावाने हाक मारतात आणि रात्री कोणाला दूरध्वनी करायचा. पगारी मावशी किंवा मामा ठेवायला काहीच हरकत नाही. अनेक घरांना त्यांच्याशिवाय गत्यंतर नसते. पण पहिल्या रात्री घरच्यांपैकी कोणीतरी त्यांच्यासोबत तासभर बसावे आणि रुग्णाशी ओळख करून द्यावी.

तिसरी गोष्ट, सोबत करणाऱ्याने आपली मर्यादा ओळखावी. सलाईनचा वेग आपण बदलायचा नाही. परवानगीवाचून पाण्याचा घोटही द्यायचा नाही. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर नाहीच. पलंगाचे कठडे वर ठेवावेत. लघवीची पिशवी नेहमी पलंगाच्या पातळीखाली असावी. उठण्याची परवानगी असेल तर रुग्णाला आधी काही क्षण पलंगाच्या कडेला बसवावे आणि मगच धरून उभे करावे. धाप लागली, पट्टी रक्ताने भिजली, लघवी थांबली, किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर सकाळची वाट न पाहता परिचारिकेला लगेच बोलवावे. 'तिला त्रास कशाला' हा संकोच येथे उपयोगाचा नाही. आणि रात्रभर जागल्यावर सकाळी सोलापूर रस्त्याच्या गर्दीतून दुचाकी चालवत घरी येऊ नये, ही तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे.

चौथी गोष्ट आपल्या नियमांची. रुग्णाचा चौविहार असेल, कंदमूळ वर्ज्य असेल किंवा उकळलेल्याच पाण्याचा नियम असेल, तर ते दाखल होतानाच डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना सांगावे. रात्रीचे औषध, विशेषतः मधुमेहाच्या रुग्णाचे खाणे, याविषयी गुरुमहाराजांचे मार्गदर्शनही आधीच घ्यावे. रात्री दोन वाजता औषधाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या परिचारिकेशी वाद घालणे म्हणजे धर्मपालन नव्हे.

आपल्याकडे आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत स्वाध्याय आणि ध्यान यांच्याच पंक्तीत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, आहे. ज्यांची सेवा करावी त्यांत 'ग्लान' म्हणजे आजारी साधूंचा स्वतंत्र उल्लेख आहे. मूळ विचार साधुसंघाचा असला, तरी आपण गृहस्थांनी त्यापासून काही घ्यायला काय हरकत आहे? उपवासाची आपण अनुमोदना करतो, पारण्याला जातो. कोणाच्या उशाशी काढलेली एक रात्रही त्याच आदराने पाहिली जावी.

आणि हा वारसा आपल्या अगदी शेजारचा आहे. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह येथून जवळच, हडपसरच्या ससाणे मळ्यात रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. गाडगे महाराजांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना निवारा देते. त्या थोरांपुढे आपल्याकडून फार थोडे मागितले जात आहे.

पूर्वी मांजरीत एकेका घरात पंधरा-वीस माणसे असत. आज गाव महापालिकेत आले, इमारती उभ्या राहिल्या आणि अनेक घरांत दोन वृद्ध जीवच उरले आहेत. मुले बंगळुरूला किंवा परदेशी. त्यांच्यापैकी एक जण शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला, तर दुसऱ्याने सत्तरीत किती रात्री जागायचे?

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी विश्वस्त मंडळाला नम्र सूचना आहे. इमारत नको, निधी नको. कार्यालयात एक वही ठेवावी. तीत महिन्याची एक रात्र देऊ इच्छिणाऱ्या तीस बंधुभगिनींची नावे असावीत. एखाद्या अनुभवी परिचारिकेकडून त्यांना अर्ध्या दिवसाचे शिक्षण द्यावे. रुग्ण कोणत्या जातीचा, कोणत्या पंथाचा हे विचारू नये. आणि खोलीत पाहिलेले, ऐकलेले बाजारात बोलू नये, हा त्या वहीचा पहिला नियम असावा.

त्या वहीत पहिले नाव माझे लिहावे. भाईजींच्या त्या रात्रीचे देणे माझ्या खात्यावर अजून नावे आहे. ते कधी पूर्ण फिटेल असे मला वाटत नाही, पण हप्ते तरी सुरू करावेत. मार्चअखेरच्या रात्री कोणी मिळत नसेल, तर त्या मला द्याव्यात. हिशेब सकाळी करता येतात.

 मन, वचन, कायेने काही अधिक-उणे घडले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!